पॉम्पेई, वरच्या वेशीपासून: वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या, इटलीतल्या पॉम्पेई या रोमन शहराबद्दल मागच्या अंकात मी मुख्यतः एकच गोष्ट मांडली होती. या शहराला भेट द्यायची तर देवळं आणि भित्तिचित्रं नंतर, आधी जमिनीचा उतार बघा. त्यावर भरपूर पत्रं आली. काहींना पटलं, काहींनी विचारलं की उतारात बघायचंय काय. त्यातल्या काही पत्रांना इथे उत्तरं देते. हे सदर पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी सांगते, मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात २९ वर्षं नोकरी केली. मुलगी नेपल्सला शिकत होती तेव्हा तीन वेळा तिच्याकडे राहिले. तिथून पॉम्पेई गाडीने पाऊण तासाच्या आत. डब्यात पोळी-भाजी घेऊन सकाळी निघायचे आणि पाय बोलायला लागेपर्यंत फिरायचे. माझ्या टिपणांची वही त्या फिरण्यातली आहे.

ठाण्याहून एक वाचक: ताई, सहलीत आम्हाला पॉम्पेईसाठी फक्त दोन तास दिले. चौक, एक स्नानगृह, एक बेकरी, की लगेच बस. पुढच्या मे महिन्यात आम्ही दोघंच जातोय, पूर्ण दिवस हाताशी आहे. सुरुवात कुठून करू?

दोन तासांत कुणाच्याच हाती काही लागत नाही, तुमची हळहळ मला समजते. आता दिवस आहे तर असं करा. नेपल्सहून सर्कमव्हेसुव्हियाना गाडीने 'पॉम्पेई स्काव्ही' स्टेशनावर उतरलात की समोरच पोर्टा मरीना ही वेस आहे. चढ चढून आत गेलात की फोरम लागेल, म्हणजे शहराचा मुख्य चौक. तिथे गर्दी असेल. थांबू नका, संध्याकाळी परत यायचंच आहे. चौकाच्या उत्तरेकडून बाहेर पडा, पुढे उजवीकडे वळा. डाव्या हाताला एक अख्खा गाळा, म्हणजे चारी बाजूंनी रस्ते असलेला घरांचा चौकोन, व्यापलेलं घर लागेल, 'फॉनचं घर'. सुमारे ३००० चौरस मीटरचं. दाराबाहेरच्या फरशीत लहान लहान तुकडे बसवून 'हावे' असं लिहिलंय, म्हणजे 'या'. सिकंदराच्या लढाईचं ते प्रसिद्ध मोझेक १८३१ साली याच घरात सापडलं. मूळ मोझेक आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पुढच्या मोठ्या चौरस्त्यावर डावीकडे वळा आणि चढत राहा. रस्ता संपतो तिथे व्हेसुव्हियस वेस. तुमचा दिवस इथून सुरू होऊ द्या.

इथे उभं राहून दक्षिणेला तोंड करा. पॉम्पेई वसलंय ते फार जुन्या लाव्ह्याच्या एका सोंडेवर. तुम्ही उभे आहात ते शहराचं सगळ्यात उंच टोक, समुद्रसपाटीपासून ४० मीटरच्या आसपास. समोरचा सरळ रस्ता खाली स्टाबिया वेशीपर्यंत जातो, आणि त्या वेशीपर्यंत पोचताना जमीन ३० मीटरहून जास्त खाली उतरलेली असते. हा रस्ता आधी कागदावर आखला आणि मग जमिनीवर काढला असं नाही. ती मुळातली घळ आहे. पावसाचं पाणी जिथून वाहायचं तिथूनच माणसांची वाट पडली, आणि पुढे त्या वाटेला धरून गाळे पाडले गेले. नैर्ऋत्येचा, फोरमभोवतीचा भाग सगळ्यात जुना. तिथल्या गल्ल्या वाकड्यातिकड्या आहेत. बाकी शहर काटकोनात.

मग रस्त्याने खाली उतरत चला. मध्यावर स्टाबियन स्नानगृहं लागतात. अजून खाली गेलात की उजवीकडे थिएटर. सुमारे ५००० माणसं बसतील एवढं ते अर्धवर्तुळ सोंडेच्या उतारालाच टेकवलेलं आहे, म्हणजे बैठकांना आधार डोंगराचा. त्याच्या मागे सोंडेच्या कडेवर त्रिकोणी चौक आहे. तिथल्या ग्रीक धाटणीच्या देवळाची सुरुवात इसवी सनपूर्व सहाव्या शतकातली. शेजारी इसिस या इजिप्शियन देवीचं देऊळ. ज्वालामुखीच्या काही वर्षं आधीच्या भूकंपात पडलेलं हे देऊळ पुन्हा बांधल्याचं श्रेय शिलालेखात सहा वर्षांच्या एका मुलाला दिलंय, न्युमेरियस पोपिडियस सेल्सिनस त्याचं नाव. बाप मुक्त झालेला गुलाम होता. त्याला स्वतःला नगरसभेत बसता येत नव्हतं, म्हणून मुलाच्या नावाने खर्च केला आणि सभेने त्या पोराला विनामूल्य सदस्य करून घेतलं. त्या शिलालेखासमोर मी बराच वेळ उभी होते.

दुपारनंतर आग्नेय कोपऱ्यातल्या अँफिथिएटरला जा. इसवी सनपूर्व ७० च्या सुमाराचं, दगडात बांधलेल्या माहीत असलेल्या अँफिथिएटरांत सगळ्यात जुनं. रिंगण जमीन खोदून खाली घेतलंय आणि निघालेल्या मातीचा भराव कडेने घालून त्यावर बैठकी रचल्यात. म्हणून जिने आत नाहीत, बाहेरच्या भिंतीला लागून आहेत. शहरात माणसं दहा-बारा हजार आणि इथे जागा वीस हजारांची. आजूबाजूच्या गावांतून लोक यायचे. इसवी सन ५९ मध्ये शेजारच्या नुकेरियाच्या लोकांशी इथे दंगल झाली, माणसं मेली, आणि रोमच्या सिनेटने दहा वर्षं खेळ बंद केले. रोमन इतिहासकार टॅसिटसने हे लिहून ठेवलंय.

तिकीट आधी काढून ठेवा. २०२४ च्या नोव्हेंबरपासून दिवसाला २० हजार लोकांचीच मर्यादा आहे.

इचलकरंजीहून एक वाचक: रस्त्याच्या मधोमध उंच दगड कशासाठी? गाड्या कशा जात असतील?

पायी माणसाने न भिजता रस्ता ओलांडावा म्हणून. पदपथ रस्त्यापासून चांगला उंच आहे, गुडघ्याच्या जवळपास, आणि मधले दगड त्याच उंचीचे. दोन दगडांमधल्या फटीतून चाक जातं. चाकांनी काळ्या लाव्ह्याच्या फरसबंदीत चाकोऱ्या पाडल्यात. स्टाबिया वेशीजवळच्या एका चाकोरीत मी हात घातला तर बोटांची मुळं आत गेली. चाकोऱ्या कुठल्या बाजूला जास्त झिजल्यात, वळणावर दगडाचा कोणता कोपरा घासलाय, यावरून काही रस्ते एकेरी होते आणि गाड्या साधारण उजवीकडून चालायच्या, हे अभ्यासकांनी दाखवून दिलंय. फोरममध्ये गाड्यांना बंदीच होती. अबोंदान्झा रस्ता जिथे चौकाला मिळतो तिथे तीन दगड उभे रोवलेत.

पण भिजायचं कशाने? फक्त पावसाने नाही. याचं उत्तर पुढच्या पत्रात आहे.

सोलापूरहून, आमच्याच खात्यातले एक निवृत्त सहकारी: तुम्ही लिहिलंत की शहरात चौदा जलस्तंभ होते आणि त्यांचं काम दाब तोडण्याचं होतं. दोन हजार वर्षांपूर्वी बीपीटी (ब्रेक प्रेशर टँक, दाब तोडणारी टाकी)? जरा सविस्तर सांगा. आणि शिशाच्या नळांचं काय?

तुमचं पत्र वाचून आनंद झाला. होय, बीपीटीच.

आधी मूळ ठिकाण. व्हेसुव्हियस वेशीला चिकटून विटांची एक चौकोनी इमारत आहे, बाहेरून साधीच, दर्शनी भिंतीत तीन कमानी. लोक तिच्याकडे पाठ करून डोंगराचा फोटो काढतात. आत गोल खोली. सेरिनोच्या झऱ्यांवरून कालव्याने आलेलं पाणी या खोलीत शिरायचं, पसरट होऊन संथ व्हायचं, जाळीतून जायचं आणि तीन वाटांनी विभागून समोरच्या तीन छिद्रांतल्या शिशाच्या नळांत पडायचं. मधलं छिद्र मोठं, बाजूची लहान. रोमन वास्तुकार विट्रुव्हियसने अशा विभागणीचा हेतू सांगितलाय: एक वाट सार्वजनिक नळांना, एक स्नानगृहांना, एक खाजगी घरांना. पॉम्पेईचे तीन नळही तसेच होते की शहराच्या तीन भागांकडे जात होते, यावर मतभेद आहेत. मला दुसरं पटतं. वापराप्रमाणे वेगळे नळ टाकायचे तर प्रत्येक रस्त्यात तीन-तीन लाइनी खोदाव्या लागतील. आणि पुढच्या स्तंभांकडे बघितलं तर एकाच स्तंभावरून रस्त्यावरच्या नळालाही पाणी जायचं आणि शेजारच्या घरालाही.

आता दाब. वरून खाली तीस-चौतीस मीटरचं हेड, म्हणजे पाण्याच्या पातळीतला फरक. सरळ बंद नळ टाकला तर खालच्या टोकाला दर चौरस सेंटिमीटरवर तीन किलोच्या वर दाब येणार. शिशाचा नळ म्हणजे पत्रा गुंडाळून लांबीला सांधलेला, तो सांध्यावर उलणार. म्हणून उतारावर ठिकठिकाणी सुमारे सहा मीटर उंचीचे स्तंभ उभारले. नळ स्तंभाच्या कडेने वर चढायचा, माथ्यावरच्या शिशाच्या उघड्या टाकीत पाणी सोडायचा, तिथे दाब शून्य. मग टाकीतून नळ खाली उतरायचे आणि पुढच्या पट्ट्याला तेवढंच सहा मीटरचं हेड मिळायचं. स्टाबियन स्नानगृहांच्या कोपऱ्यावरचा स्तंभ अजून पूर्ण उभा आहे. जवळ गेलात तर अंगावर नळाची उभी खाच दिसेल आणि कडेने ओघळलेल्या पाण्याचे क्षारांचे जाड थर. मी त्या थरावर हात ठेवला आणि आमच्या उंच टाकीचा ओव्हरफ्लो आठवला. तोच खरखरीतपणा.

शिशाचं म्हणाल, तर त्या पाण्यात चुन्याचं प्रमाण भरपूर. नळाच्या आतून लवकरच क्षाराचा लेप चढायचा. शिवाय पाणी तुंबून राहत नव्हतं, सतत वाहतं होतं. त्यामुळे धोका नव्हताच असं म्हणता येणार नाही, पण चित्र रंगवतात तितका तो मोठा नसावा असं माझं मत आहे.

स्तंभावरून पाणी उतरायचं ते नळकोंडाळ्यावर. अशी चाळीसच्या आसपास सापडलीत. बहुतेक घरांपासून ८० मीटरच्या आत एक तरी. चार लाव्ह्याच्या शिळा उभ्या करून लोखंडी पट्ट्यांनी सांधलेली चौकोनी टाकी, आणि मागे कोरीव दगड, त्याच्या तोंडातून धार. तोटी बंद करायची सोय नाही, रात्रंदिवस धार चालू. टाकी भरली की काठावरच्या खोलगट खाचेतून जास्तीचं पाणी रस्त्यावर. रस्त्याखाली गटारं मोजकीच होती, त्यामुळे घाण धुऊन नेण्याचं काम हेच पाणी उतारावरून करायचं. मधले दगड म्हणूनच लागले.

फोरमजवळच्या एका नळावर हातात फळाफुलांचं शिंग घेतलेली स्त्री कोरलीय. ती सुबत्तेची देवी समजून उत्खनन करणाऱ्यांनी रस्त्यालाच 'अबोंदान्झा', म्हणजे समृद्धीचा रस्ता, असं नाव दिलं. पुढे कळलं की ती कोंकोर्डिया, एकोप्याची देवी. नाव मात्र राहिलं. काही नळांच्या काठाचा दगड धारेच्या दोन्ही बाजूंना बशीसारखा झिजलाय. वाकून पाणी पिताना एक हात कुठे टेकवायचा, ती ही जागा. मी हात ठेवून बघितला, बरोबर बसतो. कित्येक पिढ्यांची माणसं तिथे वाकली असतील, भांडी भरताना बोलली असतील. एखाद्या देवळाच्या गाभाऱ्याइतकीच ती जागा मला मोलाची वाटते.

एक गोष्ट मागच्या लेखात राहून गेली. इसवी सन ६२ मध्ये (काहींच्या मते ६३) शहराला मोठा भूकंप बसला. युकुंडस नावाच्या सावकाराच्या घरात त्या भूकंपाच्या कोरीव पट्ट्या होत्या. एकीत फोरममधलं जुपिटरचं देऊळ कललेलं, दुसरीत व्हेसुव्हियस वेस ढासळताना आणि शेजारी हीच पाण्याची इमारत. त्याचं घर त्या वेशीकडे चढणाऱ्या रस्त्यावरच आहे. रोज डोळ्यांसमोरची इमारत होती ती. भूकंपानंतर नळ उखडून नव्याने टाकायचं काम चालू होतं, आणि इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीची राख पडली तेव्हा काही रस्त्यांच्या कडेला चर उघडेच होते. तुम्ही आणि मी असे चर आयुष्यभर खणले आणि बुजवले. ते बुजवायला आलेल्या माणसांची गोष्ट कुठल्या गाइडच्या तोंडी नाही, म्हणून लिहिलं.

नाशिकहून एक वाचक: स्फोट २४ ऑगस्टचा की ऑक्टोबरमधला?

स्फोट स्वतः पाहिलेल्या धाकट्या प्लिनी या रोमन लेखकाच्या पत्राच्या हस्तलिखितांवरून ऑगस्ट मानलं जायचं. २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ सापडली, तारीख येते १७ ऑक्टोबर. वर्ष दिलेलं नाही, पण कोळशाची अक्षरं फार काळ टिकत नाहीत. डाळिंबासारखी शरदातली फळंही सापडलीत. मला ऑक्टोबर पटतो.

पुण्याहून एक वाचक: तिथे दगड झालेली माणसं आहेत म्हणतात. मुलांना दाखवावीत का?

दगड झालेली नाहीत. राख अंगाभोवती घट्ट बसली, आत शरीर कुजून गेलं, आणि राखेत माणसाच्या आकाराची पोकळी राहिली. १८६३ मध्ये उत्खननाचे प्रमुख ज्युसेप्पे फिओरेल्ली यांनी अशा पोकळीत पातळ प्लास्टर ओतायला सुरुवात केली. प्लास्टर घट्ट झाल्यावर राख काढली तेव्हा कपड्यांच्या चुण्यांसकट माणूस दिसला. हाडं अजून आतच आहेत. म्हणून मी त्यांना पुतळे म्हणत नाही, म्हणू देत नाही.

नुकेरिया वेशीजवळच्या मळ्यात तेरा जण एकत्र सापडले, लहान मुलंही. ते पडलेत ते प्युमिसच्या, म्हणजे ज्वालामुखीतून उडालेल्या हलक्या सच्छिद्र दगडांच्या, थराच्या वर. म्हणजे पहिल्या दिवसाचा दगडांचा पाऊस ते जगले होते, त्यावरून चालत वेशीकडे निघाले होते, आणि मग गरम राखेची लाट आली. एक जण कोपरावर रेलून उठू पाहतोय. मुलांना जरूर दाखवा, पण ही कोण माणसं होती याच्या गोष्टी रचून सांगू नका. सोन्याचं कडं घातलेली आई आणि मांडीवर मूल, असं एका जोडीबद्दल वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २०२४ मध्ये डीएनए तपासल्यावर कळलं की कडं घातलेला पुरुष होता आणि त्या मुलाशी त्याचं रक्ताचं नातं नव्हतं. शेवटच्या घटकेला त्याने कुणाचं तरी मूल उचलून घेतलं असेल, एवढंच मनात येतं.

साताऱ्याहून, निवृत्त भूमापक: घरांचे क्रमांक कसे दिलेत?

हेही फिओरेल्लींचंच काम. शहराचे नऊ विभाग, विभागात गाळे, गाळ्यात दारं. आपल्या सिटी सर्वे नंबरासारखं. फॉनचं घर म्हणजे विभाग ६, गाळा १२, दार २. हा पत्ता घेऊन निघालात तर नकाशाशिवायही दार सापडतं.

जालन्याहून, आठवीतली विद्यार्थिनी: मावशी, पॉम्पेईत आपली लक्ष्मी सापडली हे खरं का? ती तिथे कशी गेली?

बाळा, तुझं पत्र मी शेवटी ठेवलं, कारण ही वाट तुझ्या जिल्ह्यातून जाते.

मूर्ती खरी आहे. १९३८ मध्ये अमेदेओ मायुरी यांच्या उत्खननात अबोंदान्झा रस्त्यालगतच्या एका गाळ्यात मिळाली, विभाग १, गाळा ८. त्याच गाळ्यात रस्त्याकडेला खाण्यापिण्याचं दुकान आहे. त्याच्या ओट्यातल्या रांजणात गल्ल्यातली नाणी तशीच पडलेली सापडली. मूर्ती हस्तिदंताची, वीतभर उंच. मधे दागिन्यांनी मढलेली स्त्री, दोन्ही बाजूंना प्रसाधनाची भांडी घेतलेल्या दोन लहान दासी. डोक्यापासून खाली एक भोक आहे. म्हणजे ती देव्हाऱ्यातली मूर्ती नसून कशाचा तरी भाग होती, आरशाची मूठ किंवा मेजाचा पाय. लक्ष्मी हे नाव सापडल्यावर दिलं गेलं. बहुतेक अभ्यासक तिला यक्षी मानतात आणि मलाही तेच बरोबर वाटतं. आता ती नेपल्सच्या संग्रहालयात काचेत आहे. मागच्या बाजूलाही कोरीव काम आहे, लांब वेणी आणि कमरेचे दागिने.

तिच्याशी जवळचं साम्य असलेल्या हस्तिदंती स्त्रिया कुठे सापडल्या? तुझ्या जिल्ह्यातल्या भोकरदनला, आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला. म्हणून ती सातवाहनांच्या प्रदेशात घडली असावी असं बरेच जण म्हणतात. मात्र तिच्या तळाशी खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे, आणि ती लिपी वायव्येकडची. त्यामुळे काही जण तिचा उगम तिकडे, अफगाणिस्तानातल्या बेग्रामच्या बाजूला शोधतात. प्रश्न अजून मिटलेला नाही.

वाट मात्र माहीत आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या 'पेरिप्लस' या टिपणात पैठण आणि तगर, म्हणजे आपलं तेर, दोन्ही आहेत. तिथला माल बैलगाड्यांनी, वाट नसलेल्या मुलखातून भरुचच्या बंदराला जायचा, असं तो लिहितो. तिथून गलबतं अरबी समुद्र ओलांडून तांबड्या समुद्रात, मग इजिप्त, मग इटली. हा व्यापार एवढा मोठा होता की थोरल्या प्लिनीने (पत्र लिहिणाऱ्या धाकट्या प्लिनीच्या मामाने) आपल्या ग्रंथात तक्रार केलीय, हिंदुस्थान दरवर्षी आपल्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, ओढून नेतो. तो ग्रंथ इसवी सन ७७ चा. दोन वर्षांनी, व्हेसुव्हियसने पॉम्पेई गाडलं त्याच वेळी, लोकांना सोडवायला जहाजं घेऊन गेलेला प्लिनी स्टाबियाच्या किनाऱ्यावर मरण पावला. तोवर तुझी यक्षी त्या घरात येऊन पोचली होती.

नेपल्सला तू मोठी झाल्यावर जाशील. तोवर घरच्यांना घेऊन तेरला जा. तिथल्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंती बाहुली आहे. वही आणि पट्टी बरोबर ने. समोरून आणि जमलं तर बाजूने तिचं चित्र काढ, दागिने मोज, कमरेचा पट्टा कसा बांधलाय ते नीट बघ. काचेबाहेरूनच अंदाजाने उंची घे, आणि माझ्या वहीतल्या चित्राशी ताडून बघायला तुझं चित्र मला पाठव.